ब्रिटिश स्पीडवेची लीग पुन्हा मांडताना या चुका टाळा

२०१९ मध्ये स्विंडन रॉबिन्सने ब्रिटनची सर्वोच्च स्पीडवे (मोटारसायकल शर्यतींची) लीग जिंकली. त्यानंतर हा संघ लीगमध्ये एकदाही उतरलेला नाही. २०२० चा संपूर्ण हंगाम कोविडमुळे रद्द झाला आणि पुढे स्टेडियमच्या पुनर्विकासाच्या घोळात क्लब पुन्हा उभाच राहिला नाही. त्याआधी २०१८ मध्ये दुसऱ्या स्तराची लीग वर्किंग्टनने जिंकली होती. पुढचा हंगाम सुरू झाला तेव्हा वर्किंग्टन लीगमध्ये नव्हता.

ज्या खेळात विजेता संघच पुढच्या वर्षी दिसेल याची खात्री नाही, तिथे दर हिवाळ्यात एकच चर्चा रंगते: लीग दोन ठेवाव्यात की एक? संघ किती? बढती आणि घसरण हवी की नको? हे प्रश्न गैरलागू नाहीत, पण ते आधी विचारले की उत्तरं चुकतात. खेळाची आस्था असलेले प्रमोटर (म्हणजे क्लब चालवणारे) आणि प्रेक्षक कुठल्या चुका पुन्हा पुन्हा करतात, ते इथे मांडतो.

ज्यांनी स्पीडवे पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पुण्यात सुपरक्रॉस पाहिलं असेल तर त्यातल्या उड्या आधी डोळ्यांसमोरून काढून टाका. इथे ट्रॅक सपाट आणि लंबगोल, वर शेल नावाच्या दगडाच्या बारीक चुऱ्याचा थर. चार रायडर, चार फेऱ्या, सगळी वळणं डावीकडची. ५०० सीसीची एक सिलिंडरची, मिथेनॉलवर चालणारी मोटारसायकल. गिअर एकच आणि ब्रेक अजिबात नाही. वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरवत गाडी वळवायची. एक हीट साधारण मिनिटाभरात संपते. पहिल्याला ३ गुण, मग २, १ आणि शेवटच्याला शून्य. लीगचा सामना दोन संघांत होतो, प्रत्येकी सात रायडर, १५ हीट. ब्रिटनमध्ये हे १९२८ पासून चालू आहे. त्या वर्षीच्या १९ फेब्रुवारीला लंडनजवळच्या हाय बीचला जी गर्दी लोटली, तिथून हा खेळ देशभर पसरला. लीग सुरू झाल्या त्या १९२९ मध्ये.

चूक पहिली: प्रेक्षक आटले म्हणून क्लब बंद पडले, असं धरून चालणं

प्रेक्षक कमी झाले हे खरंच आहे. १९८१ ची जागतिक अंतिम फेरी वेम्बलीच्या भरलेल्या स्टेडियमवर झाली, तसं दृश्य आज ब्रिटनमध्ये दिसत नाही. पण बंद पडलेल्या क्लबांची यादी काढून प्रत्येकापुढे कारण लिहायला बसा. बहुतेक ठिकाणी कारण एकच निघतं: जागा गेली.

कोव्हेंट्रीचं ब्रँडन स्टेडियम १९२८ पासून स्पीडवेचं घर होतं. २०१० मध्ये तिथला संघ देशाचा विजेता होता. २०१६ नंतर तिथे शर्यत नाही, कारण जागा घरबांधणीसाठी विकली गेली होती. रग्बी या गावाच्या स्थानिक परिषदेने २०२२ मध्ये घरांचा अर्ज फेटाळला, पण तोवर स्टेडियम आगी आणि नासधुशीने उद्ध्वस्त झालं होतं. वुल्वरहॅम्प्टनमधलं मॉनमोर ग्रीन स्टेडियम लॅडब्रोक्स या सट्टा कंपनीच्या मालकीचं. तिथे मुख्य धंदा ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यतींचा, आणि २०२३ नंतर स्पीडवेला मुदत वाढवून मिळाली नाही. त्याच हंगामाअखेरीस पीटरबरोनेही आपलं मैदान गमावलं. १९७० पासून तिथे ज्या प्रदर्शन मैदानावर शर्यती होत, त्याचा पुनर्विकास ठरला होता. म्हणजे सर्वोच्च लीगमधल्या सात संघांपैकी दोन एका हिवाळ्यात गेले आणि दोघांचंही कारण गुणतक्त्यात सापडत नाही. त्याआधीची एक्सेटर, रेडिंग, लंडनमधलं विम्बल्डन ही नावं वेगळी, गोष्ट तीच.

ब्रिटिश स्पीडवे जवळपास जन्मापासून भाडेकरू आहे. ग्रेहाउंडच्या स्टेडियममध्ये कुत्र्यांच्या ट्रॅकच्या आत मोटारसायकलींचा ट्रॅक, आठवड्यातली एक संध्याकाळ, आणि उरलेले दिवस मालकाचे. ग्रेहाउंडचा धंदा खालावला की मालक जमीन विकतो. तो तेजीत आला तरी मालकाला ती संध्याकाळ परत हवी असते. दोन्ही बाजूंनी फटका स्पीडवेलाच बसतो.

म्हणून आजार शोधताना पहिला प्रश्न असा हवा: या क्लबचा भाडेकरार किती वर्षांचा आहे, आणि करार मोडायचा हक्क कोणाकडे आहे? लीगमध्ये संघ घेताना हा कागद मागितला जावा. बँकेतली हमी मागतात, मग मैदानाची का नको?

ज्यांनी जागेचा प्रश्न सोडवला त्यांच्याकडे पाहिलं की फरक कळतो. लेस्टरचं ब्लॅकबर्ड रोड १९८३ मध्ये घरांसाठी गेलं आणि शहर २०११ पर्यंत स्पीडवेविना राहिलं. मग बोमाँट पार्कला खास स्पीडवेसाठी नवा ट्रॅक झाला, आणि तोच संघ पुढे सर्वोच्च लीगमध्ये पोहोचला. ग्लासगोमध्ये क्लबच्या मालकांनी अॅशफिल्ड स्टेडियमच विकत घेतलं. ऑक्सफर्डमध्ये शहर परिषदेने स्टेडियमला वारशाचं संरक्षण दिलं, घरांचा बेत बारगळला आणि २०२२ मध्ये दीर्घ खंडानंतर स्पीडवे परतलं. वर्किंग्टनही जुनं डरवेंट पार्क सोडून नॉर्थसाइडच्या छोट्या ट्रॅकवर परत उभा राहिला. यातल्या कुठल्याही पुनरागमनाला लीगची फेररचना कारणीभूत नव्हती.

चूक दुसरी: १९६५ चा दाखला अर्धवट देणं

"१९६५ मध्ये दोन लीग एकत्र केल्या आणि खेळ वाचला" हे वाक्य प्रत्येक चर्चेत येतं. ते खरं आहे, पण त्याची दुसरी बाजू गळते.

१९६४ मध्ये वरच्या नॅशनल लीगमध्ये फक्त सात संघ उरले होते. खालच्या प्रॉव्हिन्शियल लीगच्या विजेत्या वुल्वरहॅम्प्टनने वर जावं असा नियंत्रण मंडळाचा आग्रह होता. प्रॉव्हिन्शियल लीगने तो धुडकावला आणि तो हंगाम परवान्याशिवाय चालवला. अखेर कायदेतज्ज्ञ लॉर्ड शॉक्रॉस यांच्या चौकशीनंतर दोन्ही लीग एक होऊन १८ संघांची ब्रिटिश लीग उभी राहिली. तीन वर्षांत तिला १० संघांची दुसरी श्रेणीही जोडावी लागली.

ती जुळणी टिकली याला तीन कारणं होती. पहिलं, प्रमोटरांच्या बाहेरच्या माणसाने चौकशी केली. दुसरं, रायडर कुठल्या संघाकडे जाणार हे एक समिती ठरवायची, त्यामुळे संघांची ताकद जवळजवळ बरोबरीची राहायची. तिसरं आणि सगळ्यात मोठं म्हणजे देशभर रिकाम्या संध्याकाळी असलेली स्टेडियमं तेव्हा भरपूर होती. नवा प्रमोटर उभा राहिला की त्याला जागा मिळायची. आज पहिल्या दोन गोष्टी ठरवून करता येतील. तिसरी उरलेली नाही.

याउलट १९९५ चं उदाहरण फारसं कोणी काढत नाही. तेव्हाही दोन श्रेणी एकत्र करून २१ संघांची एकच लीग केली. दोन हंगामांत ती मोडली आणि १९९७ मध्ये वर एलिट लीग, खाली प्रीमियर लीग अशी पुन्हा वाटणी झाली. माझ्या मते तिथे चूक झाली ती खर्चाची. मोठ्या शहरातला क्लब आणि लहान गावातला क्लब एका तक्त्यात बसवले, पण रायडरांच्या मानधनाची पायरी दोघांना झेपेल अशी ठेवली नाही. एकच लीग करायची असेल तर आधी मानधनाची कमाल मर्यादा ठरवा आणि ती पाळली जाते का हे तपासायला बाहेरचा हिशेबनीस नेमा. संघ किती, ते त्यानंतर.

चूक तिसरी: वेळापत्रक फक्त आपल्या सोयीने आखणं

चांगला रायडर आठवड्यात दोन-तीन देशांत धावतो. पोलंडची सर्वोच्च लीग एक्स्ट्रालिगा शुक्रवारी आणि रविवारी, स्वीडनची लीग मंगळवारी. पैसा सगळ्यात जास्त पोलंडमध्ये, म्हणून रायडर आपली तारीखवही तिथून भरायला घेतो. ब्रिटनच्या वाट्याला उरतात सोमवार आणि गुरुवार, आणि सर्वोच्च लीगने अलीकडे तेच दिवस धरले.

रायडरांच्या दृष्टीने हे शहाणपणाचं आहे. पण शनिवारी संध्याकाळी लेकरांना घेऊन येणारं कुटुंब सोमवारी, दुसऱ्या दिवशी शाळा असताना, रात्री दहाला घरी परतायला तयार होत नाही. अनेक गावांत स्पीडवेचा वार ठरलेला असायचा, पिढ्यान्‌पिढ्या तोच. तो मोडला की सवय मोडते, आणि तुटलेली सवय जाहिरातीने परत येत नाही.

इथे दोन्ही स्तरांसाठी एकच नियम लावू नका. वरच्या लीगला आंतरराष्ट्रीय नावं हवी असतील तर तिने सोमवार-गुरुवार ठेवावा. खालच्या लीगने परदेशी नावांचा मोह सोडून आपापल्या गावाचा जुना वार जपावा. बर्विकसारख्या ठिकाणी शनिवार हा वार नसून संस्था आहे.

चूक चौथी: नियमांची गुंतागुंत वाढवून समतोल साधायला जाणं

नव्या प्रेक्षकाला सगळ्यात जास्त गोंधळात टाकणारी गोष्ट म्हणजे पाहुणा रायडर. संघाचा मुख्य रायडर जखमी किंवा परदेशी असेल, तर दुसऱ्या संघाचा त्याच दर्जाचा रायडर एका रात्रीपुरता उसना घेता येतो. मागच्या आठवड्यात ज्याला हरवण्यासाठी घसा फोडला, तोच आज आपल्या संघाचं जॅकेट घालून धावतो. शिवाय एकच रायडर वरच्या लीगमध्ये एका संघाकडून आणि खालच्या लीगमध्ये दुसऱ्याकडून धावतो ते वेगळंच. ऑक्सफर्डने तर २०२४ मध्ये दोन्ही लीगमध्ये स्वतःचे दोन संघ उतरवले. त्या वर्षी वर सात आणि खाली नऊ संघांच्या दोन याद्या कागदावर दिसत होत्या, पण खरी रायडरसंख्या त्यांवरून वाटते त्याहून बरीच कमी होती. फेररचनेच्या प्रस्तावात संघ मोजण्याआधी रायडर मोजा, प्रत्येकाला एकदाच.

दुसरा नियम सरासरीचा. प्रत्येक रायडरची गुणांची सरासरी काढतात आणि सातही जणांची बेरीज ठरलेल्या मर्यादेत बसावी लागते. हेतू चांगला आहे. परिणाम असा की हंगामात सगळ्यांनी उत्तम कामगिरी केलेला संघ पुढच्या वर्षी फोडावाच लागतो. गावाने ज्याला आपला मानलं तो रायडर केवळ चांगला धावला म्हणून निघून जातो. मला हा नियम सगळ्यात जास्त खटकतो. निदान संघात सलग काही वर्षं राहिलेल्या एका रायडरला तरी या बेरजेतून सूट द्यायला हवी.

आणि हे सगळं ठरवतं कोण? प्रमोटर स्वतः, हिवाळ्यातल्या बैठकीत. २०१० च्या हंगामानंतर संघबांधणीच्या नियमांवरून कोव्हेंट्री आणि पीटरबरो बैठकीतून बाहेर पडले आणि नवा हंगाम तोंडावर येईपर्यंत ते लीगबाहेरच होते. विजेता संघ लीगबाहेर, तोही नियमाच्या भांडणावरून! नियम किमान तीन हंगाम बदलणार नाहीत एवढं जरी लिहून घेतलं, तरी क्लबांना रायडरांशी मोठ्या मुदतीचे करार करता येतील.

चूक पाचवी: पोलंडची नक्कल

पोलंडमध्ये बहुतेक स्टेडियमं शहरांची असतात, महापालिका क्लबांना प्रायोजक म्हणूनही पैसे देतात. तोरुन शहरातलं मोटोअरेना २००९ मध्ये उभं राहिलं ते खास स्पीडवेसाठी. ब्रिटनमध्ये याच्या जवळ जाणारी गोष्ट एकच, मँचेस्टरच्या गॉर्टन भागातलं नॅशनल स्पीडवे स्टेडियम, शहर परिषदेच्या पाठबळावर बांधलेलं. तिथेही मार्च २०१६ मधली उद्घाटनाची शर्यत सोडून द्यावी लागली, कारण ट्रॅक धावण्याजोगा नव्हता. प्रेक्षक आत, रायडर तयार, आणि शेलखालचा थर बसलेला नाही. त्या हंगामानंतर क्लबचं व्यवस्थापनच बदललं. आज तोच ट्रॅक देशातला उत्तम मानला जातो. २०२५ मध्ये जागतिक मालिकेतली ब्रिटिश ग्रांप्रीही कार्डिफहून तिथे आली. नवा ट्रॅक बांधणाऱ्याने तारखा जाहीर करण्याआधी थर बसायला, पाऊस झेलायला आणि सरावाच्या फेऱ्यांना वेळ ठेवावा. पोलंडची बरोबरी सीटांच्या संख्येने होत नाही.

चूक सहावी: आवाजाच्या तक्रारीला उशिरा उत्तर देणं

मिल्डनहॉलला १९७५ पासून शर्यती होत होत्या. २००६ मध्ये जवळचं घर विकत घेणाऱ्यांनी आवाजाबद्दल दावा लावला आणि तो ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१४ च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केलं की "आम्ही आधीपासून इथे आहोत" हा बचाव पुरेसा नाही. तरीही कितीतरी क्लब अजून याच वाक्यावर विसंबून असतात. जवळ घरांचा प्रकल्प मांडला गेला की अर्जाच्या टप्प्यावरच हरकत नोंदवा, आवाजाची मोजणी करून ठेवा, शर्यतीच्या रात्रींची संख्या लेखी ठरवून घ्या. घरं उभी राहिल्यावर केलेला युक्तिवाद कोर्टात तोकडा पडतो.

चूक सातवी: मुलांच्या ट्रॅकला शेवटी पैसे देणं

२०२१ मध्ये ग्रेट ब्रिटनने मँचेस्टरलाच सांघिक जागतिक विजेतेपद मिळवलं, १९८९ नंतर पहिलं. २०२४ मध्ये पुन्हा तिथेच. ताय वॉफिंडन तीनदा वैयक्तिक जगज्जेता झाला. म्हणजे गुणवत्ता आहे. पण हे रायडर कमावतात मुख्यतः पोलंडमध्ये, आणि त्यांच्या मागची पिढी तयार होते लहान क्लबांच्या ट्रॅकवर, जिथे सरावाची वेळ भाड्याने घ्यावी लागते. प्रत्येक संघात तरुण ब्रिटिश रायडरसाठी एक राखीव जागा ठेवण्याची वरच्या लीगची योजना योग्य दिशेची आहे. फक्त ती जागा भरणारा मुलगा सोमवारच्या सामन्याआधी कुठल्या ट्रॅकवर, कोणाच्या खर्चाने सराव करतो, हा प्रश्न हिवाळ्यातल्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर संघसंख्येच्या वर छापला जायला हवा.