अंड्याचं टरफल किती ताप सोसतं? घरच्या शेगडीवर तपासा

फ्रिजमधलं अंडं थेट उकळत्या पाण्यात सोडलं की तडकतं आणि दोष टरफलाला जातो. टरफल ताप भरपूर सोसतं. सोसत नाही तो एकदम बसलेला चटका आणि आत कोंडलेली हवा.

आधी ही हवा बघा. खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च अंड्याच्या बोथट टोकाला टेकवा. फिकट टोपीसारखी दिसते ती हवेची पोकळी; अंडं जितकं जुनं, तितकी ती मोठी. तेच अंडं गरम पाण्यात बुडवा, बोथट टोकाकडून बारीक बुडबुड्यांची माळ वर येईल. टरफल जेमतेम 0.3 ते 0.4 मिमी जाड, पण त्यात हजारो छिद्रं असतात. पाणी सावकाश तापलं तर हवेला त्यातून निघायला वेळ मिळतो.

आता ज्योतीची परीक्षा. टरफल धुऊन आतला पापुद्रा सोलून वेगळा ठेवा. ठाण्याच्या पावसाळ्यात खिडकीत ठेवलेलं टरफल नीट सुकत नाही, म्हणून मंद आचेच्या तव्यावर दहा मिनिटं परतून घ्या. ओला तुकडा तडतडून उडतो. डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि हे काम मोठ्यांनीच करावं.

पापुद्रा प्रथिनांचा, तो आकसून लगेच जळतो, केस जळल्यासारखा वास येतो. टरफल मात्र बहुतांश कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडी. नखाएवढा पातळ तुकडा चिमट्यात धरून निळ्या ज्योतीच्या टोकावर दोन-तीन मिनिटं ठेवा. आधी काळा पडेल, मग करडा, मग पांढरा; कडेला नारिंगी झळाळी दिसली की तापमान पुरेसं झालं. 800 अंशांच्या पुढे कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. गार झालेला तुकडा चिमट्यानंच चमचाभर हळदीच्या पाण्यात टाका, कारण चुना ओल्या बोटाला भाजतो. पाणी लाल झालं तर चुना झाला. पिवळंच राहिलं तर तुकडा जाड होता किंवा ज्योतीच्या बाहेर राहिला.

ट्यूबलाइटच्या पट्टीमागे पालीची फुटलेली टरफलं सापडतात. घातल्या घातल्या मऊ असलेलं हे कवच हवेत कडक होतं. व्हिनेगरचा थेंब टाकलात तर तेही फसफसतं, म्हणजे चुनखडीचंच. बागेतल्या सरड्याचं कवच मात्र चामड्यासारखं, मातीतली ओल शोषून फुगणारं. कोरड्या उन्हात ते सुरकुततं. ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात अशी अंडी दिसली तर मातीने पुन्हा झाकू म्हणूनसुद्धा हलवू नका: आतला गर्भ कवचाला चिकटलेला असतो, अंडं उलटं झालं तर तो मरू शकतो. शिवाय 1972 च्या वन्यजीव कायद्यानुसार संरक्षित सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी विस्कटणं शिकारीतच मोडतं.