अमेरिकेत मासेमारी-शिकारीचा परवाना काढताना या चुका टाळा

अमेरिकेत मासे आणि वन्यप्राणी यांचे नियमन प्रामुख्याने त्या त्या राज्याकडे असते; त्यामुळे सगळ्या देशात चालेल असा मासेमारीचा किंवा शिकारीचा परवाना मिळत नाही. डॅलसमध्ये राहणारा माणूस दोन तास गाडी चालवून टेक्सोमा तलावावर जातो, टेक्सासचा परवाना खिशात आहे म्हणून निश्चिंत असतो आणि होडी तलावाच्या ओक्लाहोमाकडील भागात गेली की तोच माणूस विनापरवाना मासेमारी करू लागतो. याच अडचणीसाठी त्या तलावाचा वेगळा, दोन्ही बाजूंना चालणारा परवाना मिळतो. परंतु तो मागावा लागतो, आपोआप मिळत नाही.

भारतातून आलेल्या माणसाला या व्यवस्थेची सवय नसते, हे समजण्यासारखे आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार मुळातच बंद केली आहे. मासेमारीचे नियम म्हणजे जून-जुलैमधील बंदी, नौकांची नोंदणी आणि तलावांचे ठेके, म्हणजेच व्यावसायिक मच्छीमारांची बाब. सुट्टीच्या दिवशी ओढ्यावर गळ टाकून बसलेल्या माणसाकडे सहसा कोणी परवाना मागत नाही. अमेरिकेत मात्र हौशी माणूस हाच या नियमांचा मुख्य विषय आहे. त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या वॉर्डनला व्यापक अधिकार असतात, आणि तो किनाऱ्यावर येऊन बर्फाची पेटी उघडायला सांगतो तेव्हा ते संभाषण अनौपचारिक नसते.

रहिवासाचा घोळ

सर्वाधिक पैसे वाया जातात ते अर्जातील पहिल्याच प्रश्नावर. एच-वन-बी व्हिसावर असलेली अनेक मंडळी, ग्रीन कार्ड नाही म्हणून स्वतःला अनिवासी समजतात आणि महागडा परवाना काढून बसतात. परवान्यासाठीचा रहिवास आणि इमिग्रेशनमधील दर्जा या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. आपण त्या राज्यात सलग किती काळ राहत आहात, हे येथे पाहिले जाते. टेक्सास, कॅलिफोर्निया आणि कोलोरॅडो या राज्यांत ही मुदत सहा महिन्यांची आहे, तर न्यूयॉर्कमध्ये ती केवळ ३० दिवसांची आहे. टेक्सासमध्ये शिकारीचा साधा परवाना रहिवाशाला २५ डॉलरला आणि बाहेरच्याला ३१५ डॉलरला मिळतो. एवढ्या फरकासाठी वीजबिल, भाडेकरार आणि राज्याचे ड्रायव्हिंग लायसन्स शोधून ठेवण्याचे कष्ट निश्चितच घ्यावेत.

याच्या उलट चूक अधिक गंभीर ठरते. नोकरी बदलून न्यू जर्सीहून टेक्सासमधील ऑस्टिनला आलेला माणूस दुसऱ्याच महिन्यात रहिवासी म्हणून परवाना घेतो, कारण संगणकाने हरकत घेतलेली नसते. संगणक अर्जदाराच्या शब्दावर विश्वास ठेवतो; पुढे तपासणीत ते विधान खोटे ठरले, तर तो स्वतंत्र गुन्हा होतो. मुदत पूर्ण होईपर्यंत एक-दोन दिवसांचा अल्पमुदतीचा परवाना काढावा, हा त्यावरचा सोपा उपाय आहे.

आई-बाबा आले आहेत, हातात काठी दिली आहे

उन्हाळ्यात भारतातून आई-वडील येतात, शनिवारी सगळे कुटुंब तळ्यावर जाते आणि मुलगा कौतुकाने वडिलांच्या हातात गळाची काठी देतो. मुलाकडे परवाना आहे, मग वडिलांना वेगळा कशाला, असा विचार केला जातो. बहुतेक राज्यांत मात्र काठी हातात धरून मासा ओढू पाहणारी प्रत्येक व्यक्ती मासेमारीच करत असते. परवाना त्या व्यक्तीचा असतो. कुटुंबाचा किंवा काठीचा नसतो.

दुसरा गैरसमज वयाचा. फ्लोरिडात ६५ वर्षांवरील आणि न्यू जर्सीत गोड्या पाण्यासाठी ७० वर्षांवरील नागरिकांना परवाना लागत नाही, हे ऐकून आपण वडिलांचे वय मोजतो आणि निर्धास्त होतो. या सवलती तेथील रहिवाशांसाठी आहेत. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या ज्येष्ठाला बाहेरच्या माणसाचाच परवाना घ्यावा लागतो. मुलांच्या वयाची मर्यादाही राज्यागणिक बदलते. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क आणि कोलोरॅडोत सोळाव्या वर्षापासून परवाना लागतो, टेक्सासमध्ये सतराव्या वर्षापासून, तर वॉशिंग्टन राज्यात पंधराव्या वर्षापासून.

पाहुण्यांचा परवाना ऑनलाइन काढताना बहुतेक वेळा अर्ज सोशल सिक्युरिटी क्रमांकापाशी अडतो. तो क्रमांक अर्जात नोंदवून घेण्याचे बंधन संघीय कायद्याने राज्यांवर घातले आहे, आणि त्यामागचे कारण मोठे गमतीचे आहे: मुलांच्या पोटगीची थकबाकी असलेल्या पालकांचा माग काढणे. पाहुण्यांकडे हा क्रमांक नसतोच. तेथे शून्ये किंवा स्वतःचा क्रमांक टाकून अर्ज पुढे ढकलू नये. पासपोर्ट घेऊन वॉलमार्टसारख्या किंवा खेळसाहित्याच्या दुकानातील परवाना काउंटरवर जावे. ही अडचण तेथे नेहमीची असते.

हे सारे टाळायचे असेल, तर राज्याने जाहीर केलेला विनापरवाना मासेमारीचा दिवस निवडावा. टेक्सासमध्ये तो जूनमधील पहिला शनिवार असतो. कॅलिफोर्नियात सार्वजनिक धक्क्यावरून समुद्रात गळ टाकायला परवाना लागत नाही. अर्थात, दोन्ही ठिकाणी आकाराचे आणि संख्येचे नियम लागू राहतातच.

परवाना आहे, पण या पाण्याचा नाही

फ्लोरिडात गोड्या आणि खाऱ्या पाण्याचे परवाने वेगळे आहेत. टेक्सासमध्ये मूळ परवान्याला त्या त्या पाण्याची जोड घ्यावी लागते. न्यू जर्सीत खाऱ्या पाण्यासाठी परवाना नाही, मात्र मोफत नोंदणी आवश्यक आहे, आणि ती फुकट असल्यामुळेच बहुधा लोक ती विसरतात. तेथेच गोड्या पाण्यात ट्राउट पकडायचा असेल, तर परवान्यावर वेगळा ट्राउट स्टॅम्प, म्हणजे जादा शुल्क भरून घ्यायची परवानगी, लागते.

राष्ट्रीय उद्यानांत आणखी गोंधळ होतो. यलोस्टोनमध्ये वायोमिंगचा परवाना चालत नाही. उद्यानाचा स्वतःचा परवाना घ्यावा लागतो. त्याला लागूनच असलेल्या ग्रँड टीटनमध्ये मात्र वायोमिंगचाच परवाना लागतो. एकाच सहलीत दोन्ही उद्याने पाहणाऱ्यांनी हे निघण्यापूर्वी पाहून घ्यावे. आदिवासी जमातींच्या राखीव प्रदेशात बहुधा त्या जमातीची परवानगी लागते.

मुदतीविषयीही गृहीत धरू नये. टेक्सासचे बहुतेक परवाने, केव्हाही घेतले तरी, ३१ ऑगस्टला संपतात. त्यामुळे जुलैच्या अखेरीस वर्षाचे पैसे भरून महिन्याभराचा परवाना पदरात पडतो. कॅलिफोर्नियाचा मासेमारी परवाना २०२३ पासून खरेदीच्या तारखेपासून ३६५ दिवस चालतो. कोलोरॅडोचे परवान्याचे वर्ष तर तेरा महिन्यांचे असते; ते १ मार्चला सुरू होऊन पुढील वर्षाच्या ३१ मार्चला संपते.

खरेदी करताना राज्याच्या वन्यजीव विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच विक्रीच्या पानावर जावे. शोधयंत्रात सर्वांत वर जाहिरात म्हणून दिसणारी काही संकेतस्थळे केवळ माहितीपुस्तिकेचे पैसे घेतात आणि परवाना देतच नाहीत.

मोजमापातील चुका

दंड होण्याची वेळ बहुधा येथे येते, कारण परवाना असलेला माणूस पुस्तिका वाचत नाही. अटलांटिक किनाऱ्यावरचा स्ट्राइप्ड बास पाहा. समुद्रात तो दिवसाला एकच ठेवता येतो, आणि तोही २८ ते ३१ इंचांच्या मधला. लहान मासा सोडायचा हे सर्वांना पटते. ३४ इंचांचा दांडगा मासा सोडताना मात्र हात जड होतो. मोठ्या माद्या सर्वाधिक अंडी घालतात, म्हणून वरची मर्यादा घातलेली आहे. मासा सपाट पट्टीवर, तोंड मिटवून आणि शेपटीची दोन्ही टोके चिमटीत जुळवून मोजावा. सैल मापाच्या फितीने पाठीच्या वळणावरून मोजलेली लांबी ग्राह्य धरली जात नाही. मासा होडीतच साफ करून तुकड्या करण्याची आपली सवयही येथे अडचणीत आणते, कारण तुकड्यांवरून मूळ माशाची लांबी सिद्ध करता येत नाही. घरी पोहोचेपर्यंत मासा अख्खा ठेवणे उत्तम.

चिंबोऱ्यांच्या बाबतीत तर कोकणी माणसाने विशेष जपावे. पूर्व किनाऱ्यावरची निळी चिंबोरी कवचाच्या एका बाजूच्या टोकदार काट्यापासून दुसऱ्या बाजूच्या काट्यापर्यंत मोजतात. पश्चिम किनाऱ्यावरची डंजनेस मात्र काटे वगळून, त्यांच्या लगेच पुढे पट्टी धरून मोजतात. कॅलिफोर्नियात ती किमान पावणेसहा इंच भरावी लागते, आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत ती पकडताच येत नाही. मेरीलँडमध्ये हौशी माणसाला कठीण कवचाची मादी अजिबात ठेवता येत नाही. नराचे किमान माप पाच इंच असते आणि १५ जुलैपासून ते सव्वापाच होते. नर-मादी ओळखण्यासाठी चिंबोरी उलटी करावी. नराच्या पोटावरची पट्टी अरुंद आणि खाली लांबट असते, पूर्ण वाढलेल्या मादीची रुंद आणि घुमटाकार. पोटाखाली अंड्यांचा केशरी पुंजका दिसला, तर ती तात्काळ पाण्यात सोडावी. गाबोळीने भरलेल्या चिंबोरीचे आपल्याकडे जे अप्रूप आहे, ते या किनाऱ्यावर थेट दंडाच्या पावतीत उतरते.

दिवसाची मर्यादा आणि जवळ बाळगण्याची मर्यादा यांतही फरक आहे. कॅलिफोर्नियात सर्वसाधारणपणे एका दिवसाच्या मर्यादेएवढेच मासे जवळ ठेवता येतात, आणि त्यात घरच्या फ्रीजरमधलेही धरले जातात. टेक्सासमध्ये बहुतेक जातींना ही मर्यादा दुप्पट आहे. हौशी परवान्यावर पकडलेले मासे विकता येत नाहीत. मंडळाच्या कार्यक्रमासाठी मित्रांकडून 'पेट्रोलपुरते' पैसे घेऊन दिलेले मासेही विक्रीतच मोडू शकतात.

शिकार आणि व्हिसा

आता सर्वांत गंभीर बाब. एच-वन-बी, एच-फोर, एल-वन, एफ-वन अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीने बंदूक किंवा काडतुसे बाळगणे हा संघीय कायद्याच्या कलम ९२२ नुसार गुन्हा आहे. याला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी आपल्या उपयोगाचा एक म्हणजे अमेरिकेतील एखाद्या राज्याने कायदेशीररीत्या दिलेला आणि मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे: आधी परवाना, मग बंदुकीला हात. मित्राबरोबर नेमबाजीच्या रेंजवर सहज नेम धरून पाहणे हाही ताबाच मानला जाऊ शकतो. टेक्सासचा परवाना ३१ ऑगस्टला संपला आणि नवा काढायचा राहिला, तर १ सप्टेंबरला घरातील कपाटात असलेली बंदूक बेकायदा ठरते. मासेमारीचा परवाना या अपवादात बसत नाही. ग्रीन कार्डधारकांना ही बंदी लागू नाही. धनुष्यबाणालाही हे कलम लागू नाही, त्यामुळे तात्पुरत्या व्हिसावर असताना धनुर्विद्येपासून सुरुवात करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. बंदूक विकत घेण्याचा विचार असेल, तर आधी इमिग्रेशन वकिलाशी बोलावे.

शिकारीच्या परवान्यासाठी सुरक्षा प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. टेक्सासमध्ये २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना, तर कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना ते बंधनकारक आहे. एका राज्याचे प्रमाणपत्र इतर राज्यांत चालते, तेव्हा ते जपून ठेवावे. हंगाम तोंडावर आल्यावर प्रशिक्षणाच्या जागा भरतात, त्यामुळे ते उन्हाळ्यातच उरकावे.

बदकांच्या शिकारीला राज्याच्या परवान्याखेरीज १६ वर्षांवरील प्रत्येकाला २५ डॉलरचा संघीय डक स्टॅम्प आणि स्थलांतरित पक्ष्यांसाठीची नोंदणी लागते. बदकांवर शिशाच्या छऱ्यांना १९९१ पासून देशभर बंदी आहे. कॅलिफोर्नियात तर २०१९ पासून कोणत्याही शिकारीत शिसे चालत नाही. कोलोरॅडोतील अनेक भागांत एल्क या मोठ्या हरणाचा परवाना सोडतीने मिळतो आणि अर्जाची मुदत एप्रिलच्या सुरुवातीलाच संपते, त्यामुळे सप्टेंबरमध्ये चौकशी करणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही. दुसऱ्याच्या नावाचा टॅग, म्हणजे शिकार केलेल्या प्राण्याला लावायची परवान्याची चिठ्ठी, आपल्या हरणाला लावणे सर्वत्र गुन्हा आहे. टेक्सासमध्ये झाडावर किंवा खांबावर जांभळा उभा पट्टा दिसला, तर पाटी नसली तरी आत जाण्यास मनाई आहे असे समजावे.

दंडाची पावती मिळाली तर

वॉर्डनशी वाद घालू नये, आणि मासे लपवण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. परवाना घरी राहिला असेल, तर तसे सांगावे. अनेक राज्ये आता मोबाइलवरील परवाना ग्राह्य धरतात आणि वॉर्डनला नोंद तपासता येते. पावतीवरील तारखेपूर्वी दंड भरावा किंवा न्यायालयात हजर राहावे. दुसऱ्या राज्यातील पावती आहे म्हणून ती दुर्लक्षून चालत नाही, कारण बहुतेक राज्ये एका परस्पर कराराने बांधलेली आहेत आणि एका राज्यात निलंबित झालेला परवाना इतरत्रही निलंबित होतो. बेकायदा पकडलेला मासा किंवा मारलेला प्राणी राज्याची सीमा ओलांडून नेला, तर १९०० सालचा लेसी कायदा लागू होऊन प्रकरण संघीय पातळीवर जाते. पुढे नागरिकत्वाचा अर्ज करताना पोलिसी कारवाई आणि दंडाच्या पावत्यांविषयीही विचारणा होते, म्हणून दंड भरल्याची पावती आणि प्रकरण मिटल्याचा न्यायालयाचा कागद इमिग्रेशनच्या फाइलमध्येच लावून ठेवावा.