स्पीकरचे मॅग्नेट आणि उष्णता : या चुका टाळा

गणपती विसर्जन झाले की पुढचे पंधरा दिवस माझ्या दुकानात जळक्या वार्निशचा वास भरून राहतो. बेळगाव शहरातून, खानापूर, निपाणी, चिकोडीकडून डॉल्बीचे अठरा इंची बेस दुरुस्तीला येतात आणि ते आणणारे बहुतेक जण एकच वाक्य बोलतात, "काका, मॅग्नेट उतरलंय की हो," म्हणजे मॅग्नेटची ताकद गेली. बहुतेक वेळा ते उतरलेले नसते. मात्र ते उतरले असे समजून जे उपाय केले जातात, त्यांनीच काही वेळा ते खरोखर उतरते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत मोठी चूक म्हणजे मिरवणूक कपिलेश्वर तलावाकडे सरकत असताना मध्यरात्री आवाज बसला की मशीनचा, म्हणजे ॲम्प्लिफायरचा, व्हॉल्यूम वाढवणे. स्पीकरला दिलेल्या विजेपैकी जेमतेम काही टक्क्यांचा आवाज होतो आणि बाकी जवळजवळ सगळी कॉइलमध्ये, म्हणजे कोन (स्पीकरचा पडदा) हलवणाऱ्या तांब्याच्या तारेच्या गुंडाळीत, उष्णता होऊन साठते. तांब्याचा रोध (रेझिस्टन्स) दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्याने वाढत असल्यामुळे, थंड असताना मल्टिमीटरवर ५.६ ओहम दाखवणारी कॉइल ८.४ ओहम दाखवू लागली, तर तिचे तापमान सुमारे १२८ अंशांनी वाढलेले आहे असे समजावे. अशा वेळी मशीनची सेटिंग तीच ठेवली तरी कॉइल पूर्वीच्या दोन तृतीयांशच वीज घेते आणि आवाज बसतो. व्हॉल्यूम वाढवला की कॉइल आणखी तापते, रोध आणखी वाढतो आणि शेवटी वार्निश जळून वेढे सुटतात. मी तपासताना वायर काढून लगेच, कॉइल निवायच्या आत, रोध मोजतो. अर्ध्या मिनिटाचा उशीर झाला तरी आकडा फसवतो. रोध वाढलेला दिसला तर मॅग्नेटला दोष देऊ नये, स्पीकरला विसावा द्यावा. एवढे थांबण्याचा धीर नव्या मुलांना नसतो, याचे मला फार वाईट वाटते.

मॅग्नेटही तापते, पण सगळी मॅग्नेट सारखी वागत नाहीत. फेराइट या काळ्या, चिनीमातीसारख्या मॅग्नेटची ताकद दर अंशाला सुमारे ०.२ टक्क्याने घटते, म्हणजे ते शंभर अंशांनी तापले तर पाचवा हिस्सा जातो. मात्र निवल्यावर ती ताकद परत येते. निओडिमियम या लहान पण जोरदार मॅग्नेटची घट सुमारे ०.१२ टक्के, म्हणजे बरीच कमी, आणि हे ऐकूनच लोक निर्धास्त होतात. प्रत्यक्षात उष्णतेबरोबर निओडिमियमची चुंबकत्व टिकवण्याची क्षमताच झपाट्याने ढासळते. साध्या प्रतीची मर्यादा ८० अंशांच्या आसपास असते, वरच्या प्रतींची १५० किंवा त्याहून जास्त. ती ओलांडली की गेलेली ताकद निवल्यावरही परत येत नाही.

एका मंडळाचा मुलगा निओडिमियमचे दोन ड्रायव्हर (बॉक्सविना सुटे स्पीकर) घेऊन आला होता, एक चांगला आणि एक "कोन बदलूनही दबून वाजणारा". कोन आणि कॉइल नवी होती, जोडणीत दोष नव्हता. शेवटी गॉसमीटर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणारे यंत्र, लावला, तेव्हा दुसऱ्याच्या गॅपमधले (कॉइल बसते त्या फटीतले) क्षेत्र जवळजवळ एक तृतीयांश कमी निघाले. खोदून विचारल्यावर त्याने सांगितले की जुन्या स्पायडरचा (कॉइलला मध्यभागी धरून ठेवणाऱ्या कापडी चकतीचा) गोंद सुटत नव्हता, म्हणून कारागिराने त्यावर गॅसची ज्योत फिरवली होती. मॅग्नेटवरच्या टॉप प्लेटच्या कडेला पोलाद निळसर झाले होते. निओडिमियमच्या मोटरमध्ये, म्हणजे मॅग्नेट आणि पोलादी प्लेटा मिळून होणाऱ्या भागात, मॅग्नेट लहान असते आणि प्लेटला चिकटून असते, त्यामुळे वरची उष्णता थेट त्याच्यापर्यंत पोहोचते. पुन्हा चुंबकत्व भरायला मोठे यंत्र लागते, ते माझ्याकडे नाही. दहा मिनिटांच्या घाईपायी तो ड्रायव्हर गेला. मी जुन्या गोंदावर ॲसिटोनमध्ये भिजवलेले फडके रात्रभर ठेवतो, वरून प्लास्टिक बांधतो आणि सकाळी लाकडी पट्टीने खरवडतो. काही गोंद दोन रात्री घेतात, तर दोन रात्री द्याव्यात.

पावसामुळे ताडपत्री टाकताना बॉक्सचे पोर्ट, म्हणजे हवेचे भोक, झाकू नये, कारण आतली गरम हवा तिथूनच बाहेर पडते. तापलेल्या फेराइटवर ओले फडके ठेवू नये. ते चिनीमातीसारखे ठिसूळ असते आणि एकदम निवल्यास तडकते. कमी ताकदीचे मशीन आवाज फाटेपर्यंत ओढणेही कॉइलसाठी मोठ्या मशीनप्रमाणेच घातक ठरू शकते.

जुन्या व्हॉल्व्ह रेडिओंमधल्या ॲल्निको या मिश्रधातूच्या मॅग्नेटवर उष्णतेचा परिणाम नगण्य असतो, दर अंशाला साधारण ०.०२ टक्के. पण त्याची मोटर उघडून मॅग्नेट पोलादापासून वेगळे केले की त्याची ताकद बरीच उतरते. असा स्पीकर आला तर मी समोरून डस्ट कॅप (कोनच्या मधली टोपी) सोडवून तेवढेच काम करतो आणि मागच्या बोल्टांना पाना लावत नाही.