गूळ नको, पाक नको : हमिंगबर्डचं साखरपाणी

एक वाटी साखर, चार वाट्या पाणी. वाटी कुठलीही घ्या, पण दोन्हीला तीच. आमच्याकडे न्यू जर्सीत एप्रिल सरता सरता हमिंगबर्ड, म्हणजे फुलांतला रस पिणारे चिमुकले पक्षी, यायला लागतात, त्याआधी मी त्यांच्यासाठी एवढंच करून ठेवते.

पहिल्या वर्षी आई इथे आली होती. मी साखर मोजताना बघून म्हणाली, "अगं, गूळ घाल, साखरेपेक्षा बरा." आपल्याला बरा असेल, या पक्ष्याला नाही. गुळातलं, ब्राऊन शुगरमधलं लोह त्याला बाधतं. मध पाण्यात कालवला की लवकर आंबतो, बुरशी धरतो. इथल्या पिठीसाखरेत कॉर्नस्टार्च असतं. शुगर-फ्री पुड्यांतून त्याला काहीच ताकद मिळत नाही, आणि जेमतेम तीन ग्रॅमच्या या जिवाला दिवसभर खात राहावं लागतं. म्हणून साधी पांढरी साखरच. लाल रंगही घालू नका, फीडरची, म्हणजे हे पाणी भरून टांगायच्या बाटलीची, भोकं असलेली लाल फुलं त्याला लांबून दिसतात.

पाणी कडकडीत तापवा, गॅस बंद करा, मग साखर घालून विरघळेपर्यंत ढवळा. उकळत ठेवलंत तर पाणी आटून प्रमाण बिघडतं. एकतारी पाक करायचा नाहीये. पूर्ण गार झाल्यावरच भरा. उरलेलं फ्रीजमध्ये आठवडाभर चांगलं राहतं.

खरं काम पुढे आहे. एका जुलैत आम्ही चार दिवस बाहेरगावी गेलो. परत आलो तर बाटलीतलं पाणी गढूळ, झाकण काढताच आंबूस वास, आणि भोकांच्या आतल्या कडेला काळी बुरशी. मी बघत असतानाच एक मादी आली, फीडरसमोर हवेत क्षणभर थांबली आणि चोच न बुडवताच निघून गेली. फार लागलं मला ते.

तेव्हापासून उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी पाणी बदलते, गारवा असला तर चार दिवसांनी. उरलेलं जिवावर येतं, तरी ओतून देते. म्हणून बाटली अर्धीच भरते. धुताना गरम पाणी, थोडं व्हिनेगर आणि बाटलीचा ब्रश. भोकांसाठी बारीक ब्रश वेगळा ठेवलाय. फीडर अर्धवट सावलीत टांगा. मुंग्या चढत असतील तर हूक आणि फीडरच्या मध्ये पाण्याची छोटी वाटी अडकवा. दांड्याला तेल मात्र लावू नका, ते पिसांना चिकटतं.

शेजारणी सप्टेंबरातच फीडर उतरवतात. खाणं मिळालं तर पक्षी दक्षिणेला जाणार नाहीत, अशी भीती त्यांना वाटते. तसं होत नाही. दिवस लहान व्हायला लागले की ते आपसूक निघतात, आणि त्यांच्यातले कितीतरी मेक्सिकोचं आखात एका दमात ओलांडतात. त्याआधी अंगावर चरबी चढवावी लागते. शेवटचा पक्षी दिसल्यावरही मी दोन आठवडे फीडर ठेवते. गेल्या ऑक्टोबरात एक उशिरा आलेला पिसं फुलवून दांडीवर बसला होता. तो पीत होता आणि बाटलीत एकेक बुडबुडा वर चढत होता.