पीसीओएस असेल तर ताट कसं मांडायचं

भाचीच्या मानेवर काळपट, जाडसर पट्टा दिसायला लागला, तेव्हा घरच्यांनी तो मळ समजून बेसन-लिंबाने घासला. मान लाल झाली, काळेपणा तसाच राहिला. पाळी तीन-तीन महिने लांबत होती, पण दोन्हींचा संबंध कुणाच्या लक्षात आला नाही. मानेवरची ही खूण बहुतेक वेळा शरीरात इन्सुलिन वाढल्याची असते. सोबत पाळीही लांबत असेल, तर पीसीओएसची, म्हणजे अंडाशयाच्या कामात आणि हार्मोनमध्ये होणाऱ्या बिघाडाची, शंका घ्यायला हवी.

जेवणातल्या पिष्टाची रक्तात साखर होते आणि इन्सुलिन ती पेशींत पोचवतं. पीसीओएस असलेल्या अनेक जणींच्या पेशी इन्सुलिनला दाद देत नाहीत, मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं. ते जादा इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी हार्मोन जास्त बनवायला लावतं. त्यातून पाळी चुकते, मुरुम येतात, हनुवटीवर केस येतात. सडपातळ मुलींनाही हे होतं, त्यामुळे कृपा करून उपाशी राहू नका. बदलायची आहे ती ताटाची मांडणी.

१. आधी तपासणी. नुसत्या सोनोग्राफीवर विसंबू नका. अनियमित पाळी, पुरुषी हार्मोनची लक्षणं आणि सोनोग्राफीत अंडाशयात दिसणारा बदल, या तिन्हींपैकी दोन गोष्टी जुळल्या आणि थायरॉईडसारखी इतर कारणं नसली, तर प्रौढ स्त्रीत हे निदान होतं. उपाशीपोटी साखर नॉर्मल आली तरी 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन करायच्या तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा. बिघाड कधी कधी तिथेच पकडला जातो.

२. चहा. कपाला दोन चमचे साखर आणि दिवसाला चार कप, म्हणजे साधारण 35 ते 40 ग्रॅम साखर चहातच गेली. वरून घातलेली साखर दिवसभरात 25 ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा, जीभ सरावते. गुळाचा चहा चालतो असं सगळे सांगतात, पण रक्तात गेल्यावर गूळही साखरच.

३. नाश्ता. पोहे सोडू नका, निम्मे करा. उरलेली जागा मटार, मोडाची मटकी आणि शेंगदाण्यांनी भरा, सोबत वाटीभर दही किंवा अंडं घ्या. मुगाचं धिरडं तर फारच चांगलं.

४. जेवण. हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. अर्धं ताट भाजी-कोशिंबिरीचं असू द्या. आधी ती खा, मग उसळ, घट्ट वरण, मासे किंवा अंडी आणि शेवटी भाकरी-भात. क्रम एवढा बदलला तरी जेवणानंतर साखर कमी उसळते. पातळ वरणात डाळ कमी, पाणी जास्त, त्यामुळे त्यावर प्रथिनांचा हिशेब लावू नका. ज्वारीची भाकरी चांगली, पण तीही पिष्टच; तीनऐवजी दीड खा. भात छोटी वाटीभर.

५. उपवास. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. चतुर्थीला खिचडीच्या मोठ्या ताटलीऐवजी राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची आमटी आणि दही घ्या.

६. जेवल्यावर 10-15 मिनिटं चाला. चालताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. आठवड्यातून दोन दिवस बैठका किंवा वजनं उचलायचा व्यायाम करा.

७. नोंद ठेवा. वजन जास्त असेल तर 5 टक्के उतरलं तरी पुष्कळ जणींची पाळी सुधारते. 70 किलोला ते साडेतीन किलो होतं. कॅलेंडरवर पाळीची तारीख लिहा. मेटफॉर्मिन (इन्सुलिनचं काम सुधारणारं औषध) किंवा हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर मनाने बंद करू नका. बीज पुन्हा सुटायला लागलं की पाळी येण्याआधीच दिवस राहू शकतात, तेव्हा मूल नको असेल तर काळजी घ्या. तीन महिने पाळी आली नाही, तर ‘येईल पुढच्या महिन्यात’ म्हणत थांबू नका. गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं, त्यामुळे लगेच डॉक्टरांकडे जा.