तुरीवरच्या पिसारी पतंगाचा जवळून फोटो कसा काढायचा

बारक्या पाखरांचे फोटो काढायला जंगलात जायची काही गरज नाही, आपल्या मराठवाड्यात तूर आणि कापूस असला की विषय भरपूर. सुरुवात पिसारी पतंगापासून करा. तूर फुलोऱ्यात आली, शेंगा धरायला लागल्या की शेतात दिसतोच. त्याची अळी शेंगा पोखरते म्हणून शेतकऱ्याला तो नकोसा, ते बरोबरच आहे, पण जवळून बघा एकदा. पुढचा पंख दोन भागांत चिरलेला, मागचा तीन भागांत, प्रत्येक भागाला बारीक केसांची झालर, आणि बसला की पंख गुंडाळून दोन्हीकडं आडवे ताणतो, अगदी इंग्रजी टी अक्षर.

थंडीत सकाळी ऊन यायच्या आत जा. अंग गारठलेलं असतं त्यामुळं पटकन उडत नाही. हात लावू नका, पंखावरचे खवले लगेच निघतात.

आता मुख्य अडचण फोकसची. मॅक्रो लेन्सवर, म्हणजे अगदी जवळून फोटो घ्यायच्या लेन्सवर, खऱ्या आकाराएवढा म्हणजे १:१ फोटो घेतला तर लेन्सचं छिद्र लहान करून, एफ/११ ठेवूनसुद्धा जेमतेम एक मिलिमीटर शार्प येतं. म्हणून ऑटोफोकस बंद करा, आपणच अंग हळूच पुढं-मागं करा आणि डोळा शार्प दिसला की क्लिक, असे भरपूर घ्या. वारा असेल तर फांदी दुसऱ्या हातानं धरा. पंख सगळा हवा असेल तर कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे आत फोटो उमटतो ती पाटी, पंखाला समांतर पाहिजे, थोडं तिरकं झालं की एक टोक गेलंच.

माझ्या मते लेन्सपेक्षा उजेड महत्त्वाचा. उघडा फ्लॅश मारला तर खवले चमकून पांढरे डाग पडतात, रंग जातो. पॅकिंगमधला पांढरा पातळ फोम नाहीतर बटर पेपर फ्लॅशपुढं लावा, पाखराच्या जितका जवळ तितका उजेड मऊ. १/१६० सेकंद शटर, आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) २००, इथून सुरू करा. मोबाईलवाल्यांना क्लिप लेन्स चालते, फक्त अगदी जवळ जावं लागतं, सावली पडू देऊ नका.

रात्री करायचं असेल तर अमावस्येच्या आसपास, वारा पडलेला असताना अंगणात पांढरी चादर बांधा आणि तिच्यापुढं दिवा लावा. पिवळ्या एलईडीवर पतंग कमी येतात, पांढऱ्या-निळसर उजेडावर जास्त. कापूस जवळ असेल तर गुलाबी बोंडअळीचा पतंगही येईल, करड्या तपकिरी रंगाचा, त्याचा बाजूनं एक फोटो घ्याच, तोंडापुढून वर वळलेले दोन अवयव तेव्हाच दिसतात. ओळख पटवायला वरून एक, बाजूनं एक, आणि कोणत्या पिकावर होता ते लिहून ठेवा. झालं की दिवा बंद करा आणि उजाडायच्या आत चादर झाडाखाली हळूच झटका, नाहीतर सकाळी चिमण्या-साळुंक्या सगळी टिपून खातात.