कपाशीचे क्षेत्र कमी करायचे, तर कोणते शेत आधी काढावे?

खानदेशात कपाशी कमी करणारे शेतकरी बहुधा भावाकडे बोट दाखवतात, आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. 2022 मध्ये क्विंटलमागे 10,000 रुपयांच्या पुढे गेलेला दर नंतर टिकला नाही, आणि ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने आयात कापसावरील 11 टक्के शुल्क वर्षअखेरपर्यंत उठवले. मात्र भाव आपल्या सगळ्याच शेतांना सारखा लागू होतो. कोणते शेत काढायचे, हे वेचणी आणि बोंडअळी पाहूनच ठरवावे.

आधी वेचणीचा हिशेब मांडावा. एका माणसाची दिवसाची वेचणी 30 किलो धरली, तर एकरी 8 क्विंटल उतारा देणाऱ्या शेताला एकरामागे सुमारे 27 मजूर लागतात. किलोला 10 रुपये दर धरला तरी क्विंटलमागे 1,000 रुपये वेचणीतच जातात. या आकड्यांच्या जागी आपले गेल्या हंगामातील आकडे घालावेत. दिवाळीच्या सुमारास घरची माणसे आणि हक्काचे मजूर मिळून जेवढे एकर वेळेवर वेचू शकतील, तेवढीच कपाशी ठेवावी, कारण फुटलेला कापूस झाडावर राहून पावसात भिजला की त्याची प्रत जाते, आणि 12 टक्क्यांहून अधिक ओलावा असलेला माल सीसीआय (भारतीय कापूस महामंडळ) हमीभावाने घेत नाही. मग खेडा खरेदीत, म्हणजे गावात येऊन माल घेणारा व्यापारी सांगेल तो भाव.

त्यानंतर बोंडअळीचा इतिहास पाहावा. गुलाबी बोंडअळी आता बीटीला, म्हणजे बोंडअळीला रोखण्यासाठी जनुक बदललेल्या कपाशीला, दाद देत नाही, हे 2017 च्या हंगामाने पुरेसे दाखवले. पाकळ्या न उमलता गुलाबाच्या कळीसारख्या मिटून राहिलेल्या डोमकळ्या ज्या शेतात दरवर्षी दिसतात, आणि वरून धडधाकट दिसणारे हिरवे बोंड फोडल्यावर आत अळी सापडते, ते शेत प्रथम काढावे. पाण्याच्या आशेने फरदड (हंगाम संपल्यावरही तीच कपाशी पुढे राखणे) घेण्याचा मोह जेथे आवरत नाही, तेही याच यादीत धरावे.

बदली पीक जमीन पाहून निवडावे. पाण्याची सोय असल्यास मका घेता येतो. तो साधारण चार महिन्यांत शेत मोकळे करतो आणि मागून हरभरा किंवा गहू साधतो, जे डिसेंबरपर्यंत उभ्या राहणाऱ्या कपाशीत जमत नाही. मात्र लष्करी अळी आणि रानडुकरे यांचा खर्च विसरू नये. तापीकाठच्या भारी काळ्या जमिनीत उडीद किंवा मुगानंतर दादर (रब्बी ज्वारी) घेण्याची जुनी पद्धत मला अधिक भरवशाची वाटते, कारण तिला ओल पुरते आणि कडबाही हाती येतो. सोयाबीनकडे मात्र केवळ कपाशीला कंटाळून वळू नये. भावाचे दुखणे तेथेही आहे.

शेजारच्या तुकड्यात कपाशी कायम राहणार असेल, तर काढलेल्या शेतातील पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडे) बांधावर रचून ठेवू नये. किडक्या बोंडांतील अळी तेथूनच पुढच्या हंगामात नव्या कपाशीवर येते.